धरणाऱ्याचा हिशेब

माझ्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. दुकानात पावती फाडताना ती बाजूला उभी राहते आणि नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, काय झालं शेठ? कबड्डी, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: चढाईला जायचे का? पस्तीस वर्षं झाली, पकडीला होते का, असं एकानेही विचारलेलं नाही. जणू कबड्डी एकटा माणूस खेळतो आणि समोरचे सात जण त्याला वाट करून द्यायला उभे असतात.

हे पुस्तक त्या सात जणांचं आहे.

सर मागच्या दिवाळीनंतर दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात युरियाची धुतलेली गोणी होती आणि गोणीत अकरा वह्या. सरांचं नाव मुखपृष्ठावर आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. पहूर पेठ काय आणि पहूर कसबे काय, वाघूरच्या दोन्ही काठांना ते नुसते सरच. शाळेत पीटीचा तास घ्यायचे आणि संध्याकाळी आम्हाला मैदानावर रगडायचे. वह्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "याचं पुस्तक करतोय. प्रस्तावना तू लिही." मी म्हटलं, सर, मी खतं-बियाणं विकणारा माणूस, माझं लिहिणं म्हणजे उधारीची वही. ते म्हणाले, "मग तुलाच कळेल. ही पण उधारीचीच वही आहे."

पहिली वही उघडली. प्रत्येक सामन्याला दोन पानं, पट्टीने आखलेले रकाने. चढाई कोणाची. आधी हात कोणाचा लागला. मागून कोण आलं. दम कुठे सुटला. पंचाने काय दिलं. आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना: सुटला तर कोणामुळे. टीव्हीवर कबड्डी यायच्या कितीतरी आधीपासून हा माणूस गावोगावच्या स्पर्धांत, मंडपाच्या मागे खुर्ची टाकून, हे लिहीत बसायचा. आम्हाला वाटायचं सर हजेरी मांडतायत.

मैदानाची मापं सरांनी पुस्तकात दिलेली नाहीत, कारण त्यांना वाटतं ती सगळ्यांना पाठ असतात. म्हणून मी इथे सांगून टाकतो. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईवाला 30 सेकंद दम घालत आत येतो, कोणालातरी शिवतो, आणि परत जाताना शरीराचा कुठलाही भाग मध्यरेषेला टेकवला की सुटला. नखही पुरतं. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत उरते पावणेदोन मीटरची पट्टी. तिच्या दोन टोकांना दोन कोपरे उभे असतात, डावा आणि उजवा. त्यांच्या शेजारी हात धरून 'इन', मग मध्यरक्षक, ज्यांना आम्ही कव्हर म्हणायचो, आणि मधे सेंटर. मी उजवा कव्हर होतो. आमचा डावा कोपरा जो होता त्याला अख्खा तालुका कोपऱ्याच म्हणायचा, त्याचं खरं नाव मला त्याच्या लग्नपत्रिकेत कळलं.

कोपऱ्याचं काम बघायला सोपं आणि सांगायला अवघड. घोटा पकडायचा असतो. चढाईवाल्याचा पुढचा पाय बोनस रेषेवर पडला, की तो पाय परत उचलला जाण्याआधी जो क्षण असतो, त्या क्षणात खाली जायचं. आधी गेलात तर तो पाय मागे घेऊन तुमच्या पाठीला हात लावून पळतो. उशीर झाला तर हातात मोजा राहतो, आमच्या वेळी तर तोही नसायचा. सर सांगायचे, डोळ्यात बघू नका, डोळे खोटं बोलतात, गुडघ्याकडे बघा. चढाईवाला खांदा फिरवील, हात हवेत मारील, मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे करील, पण पाय उचलायच्या आधी त्याच्या दुसऱ्या गुडघ्यावर भार जातोच. तो भार गेला की कोपऱ्याने दोन्ही हातांची कडी करून घोट्यात घालायची, हनुवटी त्याच्या नडगीला चिकटवायची, नाहीतर टाच तोंडावर बसते, आणि स्वतःचं सगळं वजन मागे टाकायचं. इथपर्यंत एकट्याचं काम. यापुढे जर अर्ध्या सेकंदात कव्हर आला नाही, तर तो घोटा कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन जातो. मी फरफटलेले कोपरे पाहिलेत. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालेली असते आणि वर गुणही समोरच्याला.

एका रात्रीच्या स्पर्धेतली एक पकड सांगतो, कारण ती वहीतही आहे आणि पुढे मला तिच्याकडे परत यायचं आहे. पहूरलाच, मार्चमधे. हॅलोजनखाली किडे, एका बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली माणसं. आमचे चारच गडी उरले होते आणि समोरून आला तो पाचोऱ्याकडचा उंच, हाडकुळा पोरगा, ज्याने त्या रात्री कोणालाच हात लावू दिला नव्हता. तो कोपऱ्याच्या बाजूला गेला, मग एकदम माझ्याकडे वळला. मला वाटलं येतोय. तो वळला नव्हता, नुसता खांदा वळला होता. पाय मागेच होता, आणि तिथे कोपऱ्या आधीच खाली गेलेला. मी धावलो ते आवाजाने. ट्रॉलीतून कोणीतरी ओरडलं, "धर त्याले! जाऊ नको देऊ!" मी कमरेत मिठी घातली, करंगळी त्याच्या चड्डीच्या नाडीत अडकली, तो हिसका देऊन पुढे झेपावला आणि माझ्या कानाला 'कट' ऐकू आलं. सोडलं मात्र नाही. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून वीतभर राहिली असेल. दम सुटला, शिट्टी झाली. धूळ बसली तेव्हा सगळ्यांत वर मी होतो.

मंडपातून दिसलं ते एवढंच. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस, एक टेबलफॅन, मला मिळाला.

धूळ म्हटलं खरं, पण खानदेशात मैदान करणं हाच एक उद्योग असतो. आपली काळी माती कापसाला आणि केळीला सोन्याची, खेळाला नाही. उन्हाळ्यात तिला टाच अडकेल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती पायाला दोन-दोन किलो चिकटते. म्हणून मुरूम आणायचा, वर नदीकडची मऊ माती पसरायची, पाणी मारून रोलर फिरवायचा. सराव संध्याकाळी सहानंतर, कारण मे महिन्यात आपल्या जिल्ह्याचा पारा 45 च्या आसपास खेळतो आणि चारला मैदानात उतरलं तर तळव्याची कातडी तिथेच राहील. लांबच्या सामन्यांना आम्ही पीजेने जायचो. पाचोरा-जामनेर ती छोटी गाडी 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, पण तेव्हा तिच्या डब्यात गुडघ्याला हळद-तेल लावून बसलेले आम्ही सात-आठ जण आणि शेंदुर्णीला चढणारे भाजीवाले, एवढंच गिऱ्हाईक असायचं. आता जिल्हा पातळीवरही मॅट आली. मॅटवर साल निघत नाही. पण बूट मॅटला घट्ट चिकटतो आणि पकडीत पाय अडकला की गुडघा फिरतो. मातीवर पाय घसरायचा, म्हणून वाचायचा. सरांनी गुडघ्याच्या दुखापतींवर एक पूर्ण प्रकरण लिहिलंय, ते आईबापांनी जरूर वाचावं.

इतिहासाचं प्रकरण मला थोडं लांबलंय असं वाटतं. हुतूतूपासून सुरुवात, मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रातल्या मंडळींनी बांधलेले नियम, 1936 ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवलेला खेळ, बुवा साळवींनी उभं केलेलं संघटन, ज्यांच्या जन्मदिवसाला, 15 जुलैला, आपण कबड्डी दिन म्हणतो, आणि 1990 ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत प्रवेश आणि सोनं. हे सगळं इतरत्रही वाचायला मिळतं. सरांनी त्यात एक बारकी गोष्ट मात्र पकडली आहे. जुन्या खेळात चढाई किती वेळ चालेल हे चढाईवाल्याच्या छातीवर होतं. चांगल्या दमाचा गडी मिनिटभर आत हिंडायचा. तेव्हा पकड म्हणजे थकवण्याचं काम होतं. 30 सेकंदांचं घड्याळ आल्यावर चढाईवाल्याला घाई झाली आणि धरणाऱ्याला थांबायला शिकावं लागलं. वरवर बघता एक नियम बदलला. कोपऱ्याचा अख्खा स्वभाव बदलला.

आता उधारीच्या वहीकडे येतो.

टीव्हीवरच्या लीगमधे पकडीचा गुण एकाच्या नावावर चढतो, साधारणपणे ज्याने पकड सुरू केली त्याच्या. पाच गुण झाले की 'हाय फाइव्ह'. गावच्या स्पर्धेत उलटं, जो वर दिसला त्याचा. दोन्हीकडे कोणीतरी राहून जातो. सरांनी याला तोड शोधली आणि ती कुठून, तर अमेरिकन फुटबॉलमधून. हा खेळ माझ्या पिढीने इंग्रजी सिनेमात अधूनमधून पाहिला असेल: हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात आणि चेंडू नावाला असतो. त्यात बचावाच्या पहिल्या फळीत तिघं-चौघं उभे असतात, 130-140 किलोचे, काहींचा एक हात जमिनीला टेकवलेला. समोरच्या संघाचा जो चेंडू फेकणारा असतो, त्याला तो फेकायच्या आत पाडणं हे त्यांचं मोठं काम. हातात दोन-तीन सेकंद असतात आणि मधे तेवढ्याच वजनाची पाच माणसं आडवी. वर्णन वाचलं तेव्हा मला आमचा कोपऱ्याच आठवला, त्याचं वजन 68 किलो असूनही.

त्या पाडण्याला ते 'सॅक' म्हणतात. इंग्रजीतले जे शब्द मला धंद्यामुळे येतात त्यातला हा एक: सॅक म्हणजे गोणी. मी सरांना थट्टेत म्हटलं, म्हणजे गोणीत भरतात वाटतं. सर हसले नाहीत. म्हणाले, ज्याने हा शब्द रूढ केला त्याने एके ठिकाणी नेमकं तेच स्पष्टीकरण दिलंय. तो डीकन जोन्स, लॉस एंजेलिस रॅम्सचा. 1961 ते 1974 खेळला, त्याच्यासकट रॅम्सच्या चौघांची ती बचावफळी अमेरिकेत आजही नावाजतात. गंमत अशी, की सॅकची अधिकृत नोंद लीगने सुरू केली ती 1982 पासून. जोन्स तोवर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. ज्याने शब्द दिला त्याच्या खात्यावर अधिकृत सॅक शून्य! पुढे काही वेडे लोक जुन्या सामन्यांच्या चित्रफिती आणि कागद चाळत बसले आणि त्यांनी त्याचा आकडा काढला: साडे-173.

साडे. सरांचा सगळा आनंद त्या साडेमधे आहे. तिथे दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा-अर्धा लिहितात. सरांनी अकरा वह्यांचा हिशेब या पद्धतीने पुन्हा मांडला आणि पुस्तकाच्या मागची कोष्टकं तयार झाली. त्यात साडेबारा, सव्वाचार असे आकडे दिसतील. छपाईची चूक समजू नका. सव्वाचार म्हणजे कुठेतरी चौघांनी मिळून एकाला दाबलंय.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कबड्डीत वरिष्ठ पुरुषांना 85 किलोची मर्यादा आहे. जड माणूस चालत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मे महिन्यात स्वेटर घालून जामनेर रस्त्याने धावणारा माणूस दिसला तर तो वेडा नसतो, त्याला काटा गाठायचा असतो. तिकडे अमेरिकेत त्या फळीतल्या माणसाला आणखी खा म्हणतात. आपल्याकडे जड माणसाची जागा आखाड्यात, आणि त्यात जिल्ह्याला कमीपणा नाही: चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीन महाराष्ट्र केसरी घेतले आणि पोलीस खात्यात गेल्यावर 2023 ला कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस स्पर्धेत 125 किलोचं सोनं आणलं. त्याच 125 किलो गटात टोकियो ऑलिंपिकचं सोनं घेतलेला अमेरिकेचा गेबल स्टीव्हसन 2024 ला फुटबॉलच्या त्या बचावफळीत नशीब काढायला बफलोच्या संघात गेला होता. चार महिनेही टिकला नाही. मोसम सुरू होण्याआधीच त्याला सोडून दिलं. माणूस ताकदीने ऑलिंपिक जिंकू शकतो, पण शेजारचा कधी हलेल हे ऐकायला वेगळा कान लागतो.

हा कान पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग आहे आणि निवड चाचणीच्या प्रकरणात तो आलाय. चढाईवाल्याचं नशीब सरळ असतं. जळगावला निवड चाचणी आहे, दोन चढाया मिळाल्या, दोन गडी मारले, निवड समितीने नाव लिहिलं. धरणाऱ्याचं तसं नाही. एकतर चढाईवाला त्याच्या बाजूला यायला हवा. आला, तर शेजारी जो कव्हर आहे तो त्याच सकाळी भेटलेला, भुसावळचा नाहीतर अमळनेरचा. त्याला ठाऊक नसतं की हा घोट्यात जाताना आधी डावा खांदा पाडतो. तो अर्धा सेकंद उशिरा येतो, गडी सुटतो, आणि वहीत नाव लागतं कोपऱ्याचं: सुटला तर कोणामुळे. आमचा कोपऱ्या तीनदा चाचणीला गेला, तिन्हीदा असाच परत आला. गावात माझ्यासोबत त्याच्या हातून दहापैकी दोन सुटायचे. सरांनी आकड्यांनी हे दाखवलंय: तोच खेळाडू, ओळखीच्या कव्हरसोबत आणि अनोळखी कव्हरसोबत. दोन रकान्यांमधलं अंतर बघून मी दुकान बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. सरांचं मागणं साधं आहे: बचावपटूंची निवड जोडीने करा. निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी निदान हे प्रकरण तरी वाचावं.

मोठ्या पातळीवर जोडीचं महत्त्व ज्यांनी ओळखलं त्यांनी काय केलं, तेही इथे आहे. 26 जुलै 2014 ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. दुसऱ्या वर्षी, 2015 ला, यू मुंबाने बंगळुरूला 36-30 हरवून विजेतेपद घेतलं तेव्हा लोकांना कर्णधार अनुप कुमारच्या चढाया आठवतात. सर आठवतात ती मागची चौकट: कोपऱ्यांत मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा, कव्हरला जीवा कुमार आणि आपला विशाल माने. छिल्लर-नाडा ही जोडी पुढे दुसऱ्या संघांतही एकत्र फिरली, कारण विकत घेणाऱ्याला कळलं होतं की एक घेऊन अर्धाच माल मिळतो. पैशाची चढणही बघण्यासारखी आहे. पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग गेला राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांना. 2018 ला लिलावात कोटीचा आकडा पहिल्यांदा ज्याने गाठला तो चढाईवाला नव्हता. इराणचा डावा कोपरा फजल अत्राचली, यू मुंबाने घेतला. 2023 ला पुणेरी पलटणने इराणच्याच मोहम्मदरझा शादलूईला 2 कोटी 35 लाख मोजले, आणि त्या मोसमात अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणाला 28-25 हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. 25 गुणांवर समोरच्याला अडवणं हा अंतिम सामन्यात बचावाचा विजय असतो, वर्तमानपत्राचं शीर्षक काहीही म्हणो.

इराणचं नाव निघालं की सर अजून गप्प होतात. 1990 पासून आशियाई स्पर्धेत पुरुषांचं सोनं दुसऱ्या कोणाकडे गेलं नव्हतं. 2018 ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला 27-18 पाडलं. संघात आपले गिरीश इरनाक आणि रिशांक देवाडिगा होते. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला सेनादलाला हरवून महाराष्ट्राने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं होतं, रिशांक कर्णधार. सगळं जमून आलेलं वर्ष, आणि मधे ते 18. सर टीव्हीसमोर बसून लिहीत होते. अकराव्या वहीत त्या सामन्याची दोन पानं आहेत, आणि 'मागून कोण आलं' या रकान्यात इराणच्या बाजूला जवळपास प्रत्येक ओळीत दोन-तीन नावं. एक हात लागला की चार येतात. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने 27-24 घेतला, आणि त्या मुलींना शिकवणारी प्रशिक्षक होती नाशिकची शैलजा जैन. सरांनी त्या पानावर लाल शाईने एवढंच लिहिलंय: आपलंच बियाणं.

आता माझ्या तक्रारी. सुपर टॅकल सरांना आवडत नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक गुण जास्त. सर याला लॉटरी म्हणतात, पोरं मुद्दाम कमी गड्यांवर खेळ रेंगाळवतात म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. दोघं-तिघं उरलेल्या संघाकडे पूर्वी प्रेक्षकांची पाठ असायची, लोक चहाला उठायचे. आता तेव्हाच कोणी जागचं हलत नाही. धरणाऱ्यासाठी एवढी चांगली गोष्ट त्या नियमपुस्तकात दुसरी झालेली नाही. आणि मुलींवर नऊ पानं? सरांनी स्वतः मुलींचा संघ चालवला, शेंदुर्णीच्या मुली सायकलवर यायच्या. 2012 ला पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला त्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ अशा महाराष्ट्राच्या तिघी होत्या. नऊ पानांत काय होतं? सर म्हणतात मुलींच्या वह्या घराला पाणी लागलं तेव्हा भिजल्या. असेल. दुसऱ्या आवृत्तीत मुलींना विचारून लिहा, त्यांच्या लक्षात आहे.

नोकरीचं प्रकरण मी दोनदा वाचलं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि गावातल्या पोराला कबड्डी म्हटलं की लीगच्या आधी तेच दिसतं: पोलीस, रेल्वे, बँक. एका प्रमाणपत्रासाठी माणूस चार वर्षं गुडघा झिजवतो. माझा कागद एका कचेरीत अडकला, तो सापडेपर्यंत वय निघून गेलं आणि डावा गुडघाही. कचेरीचं नाव लिहीत नाही, आता राग उरलेला नाही. बत्तिशीला आलेला कोपरा संपल्यात जमा होतो. चढाईवाला थकला की लोक म्हणतात, काय पळायचा एकेकाळी! धरणाऱ्याला लोक ओळखतच नाहीत, त्यामुळे तो कधी थांबला हेही कोणाला कळत नाही. सरांनी प्रत्येकाच्या शेवटच्या सामन्याची तारीख टिपून ठेवली आहे. स्वतःची तारीख मला तिथे कळली.

हस्तलिखित वाचताना ती मार्चमधली पकड शोधली. पाचव्या वहीत होती. चढाई: पाचोरा, 9 नंबर. आधी हात: डावा कोपरा, घोटा, दोन्ही हात. मागून: उजवा कव्हर. दम सुटला: मध्यरेषेपासून वीतभर. आणि समोर कोष्टकासाठी नंतर पेन्सिलीने भरलेलं: अर्धा, अर्धा. त्याखाली सरांच्या बारीक अक्षरात एक ओळ, जी त्यांनी पुस्तकात घेतली नाही: बक्षीस कव्हरला दिले, कोपऱ्या काही बोलला नाही.

कोपऱ्या आता कसब्याच्या शिवारात स्वतःचं आणि दोन बिघे वाट्याचं करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाशीचं बियाणं आणि दोन गोण्या खत न्यायला दुकानात आला. मी गल्ल्याखालून वही काढली आणि ते पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचलं, ओळीवरून बोट फिरवत, दोनदा. मग वही मिटून परत दिली आणि खताच्या गोणीचा एक कान धरला. दुसरा मी धरला. बैलगाडीत टाकताना म्हणाला, "तो पंखा चालू हाये का अजून?"